सहिष्णुतेचा पुरस्कर्ता मोझेस मेंडेल्सोन

इतिहासाचे अध्यापन करीत असताना आम्हांला एक गोष्ट सातत्याने जाणवत आली आहे. 'सहिष्णुता' हा शब्द पाठ्यपुस्तकात जितक्या सहजतेने येतो, तितक्या सहजतेने तो विद्यार्थ्यांच्या मनात रुजत नाही. सहिष्णुता म्हणजे सहन करणे, असा सरळ अर्थ मुले लावतात. मग कोणी कोणाला सहन करायचे, असे एखादा चौकस विद्यार्थी विचारतोच. हा प्रश्न वाटतो तितका लहान नाही. ज्याच्या हाती सत्ता असते तो दुसऱ्याला सहन करतो. ज्याच्या हाती ती नसते त्याला नुसते सोसावे लागते. अठराव्या शतकातील बर्लिन शहरात एका यहुदी विचारवंताने हा प्रश्न सोसणाऱ्याच्या बाजूने मांडला आणि त्याचे उत्तर शोधण्यात आपले आयुष्य वेचले. त्यांचे नाव मोझेस मेंडेल्सोन. त्यांच्या चरित्राचा परिचय आमच्या माजी विद्यार्थ्यांना व पालकांना करून द्यावा, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

मोझेस यांचा जन्म ६ सप्टेंबर १७२९ रोजी जर्मनीतील डेसाऊ या गावी झाला. वडील मेंडेल हे तोरा या यहुदी धर्मग्रंथाच्या प्रती हाताने लिहून काढण्याचे काम करीत. काम पवित्र, पण मिळकत तुटपुंजी. घरात दारिद्र्य होते, तरी अक्षरांचा सहवास होता. बालवयातील आजारामुळे मोझेसच्या पाठीला कायमचे कुबड आले. बोलतानाही तो अडखळत असे. अशा या मुलाला रब्बी डेव्हिड फ्रेंकेल यांच्यासारखे विद्वान गुरू लाभले. बाराव्या शतकातील थोर यहुदी तत्त्वज्ञ मायमोनिडीझ यांचे ग्रंथ त्याने कोवळ्या वयातच वाचले. १७४३ मध्ये फ्रेंकेल यांची बर्लिनचे मुख्य रब्बी म्हणून नेमणूक झाली. गुरू गेले तेथे शिकायला जायचे, एवढा एकच विचार करून चौदा वर्षांचा मोझेस डेसाऊहून पायी निघाला. बर्लिन तेथून सुमारे सव्वाशे किलोमीटर अंतरावर होते.

त्या काळी परगावचा यहुदी बर्लिनमध्ये सहजासहजी प्रवेश करू शकत नसे. मोझेस रोझेन्थाल दरवाजापाशी पोहोचला. परक्या यहुद्यांची तेथे चौकशी होई. कोठून आलास, कशासाठी आलास, पोट कसे भरणार, याची उत्तरे द्यावी लागत. समाधान न झाल्यास माघारी धाडण्यात येई. शिकायला आलो आहे, एवढेच या मुलापाशी सांगण्यासारखे होते. त्या बळावर तो आत आला. एका यहुदी कुटुंबाने त्याला माळ्यावरची खोली दिली आणि आठवड्यातील काही दिवस जेवणाची सोय केली. उरलेल्या दिवसांसाठी विकत घेतलेल्या पावावर तो रेघा आखून ठेवी आणि त्या दिवसाच्या रेघेपलीकडे खात नसे, असे सांगितले जाते.

शिक्षणाच्या मार्गात बाहेरचे अडथळे होते, तसे घरचेही होते. यहुदी मुलाने जर्मन पुस्तक हाती धरणे हे त्या वेळच्या सनातनी मंडळींना रुचत नसे. त्यातून धर्म बुडेल अशी त्यांना धास्ती वाटे. मोझेसने तरीही जर्मन भाषा आत्मसात केली. पुढे लॅटिन, फ्रेंच आणि इंग्रजी या भाषाही तो शिकला. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांचा ग्रंथ त्याने शब्दकोश शेजारी ठेवून, एकेक शब्द लावीत लॅटिनमधून वाचून काढला. इझ्रायल झामोश यांनी त्याला गणित शिकवले आणि आरोन गुम्पर्ट्झ या तरुण वैद्याने आधुनिक भाषांची गोडी लावली. विद्यापीठाची पदवी त्याला कधीच मिळाली नाही. १७५० मध्ये आयझॅक बर्नहार्ड या रेशमाच्या व्यापाऱ्याने त्यांना आपल्या मुलांचे शिक्षक म्हणून घरी ठेवून घेतले. चार वर्षांनी ते त्याच व्यापाऱ्याच्या कारखान्यात हिशेबनीस झाले, पुढे व्यवस्थापक आणि अखेरीस भागीदार झाले. युरोपभर कीर्ती पसरल्यावरही दिवसा कारखान्याचे हिशेब आणि पहाटे व रात्री तत्त्वज्ञान, हा त्यांचा क्रम आयुष्यभर सुटला नाही.

१७५४ साली त्यांची गाठ गॉटहोल्ड एफ्राइम लेसिंग यांच्याशी पडली. बुद्धिबळाच्या पटावर ही ओळख झाली, असे परंपरा सांगते. लेसिंग हे ल्यूथरपंथी ख्रिस्ती धर्मोपदेशकाचे चिरंजीव. वयाने मोझेस यांच्याच बरोबरीचे. त्यांनी ऐन तारुण्यात यहुद्यांवर एक नाटक लिहिले होते. त्यात संकटात सापडलेल्या प्रवाशाचे प्राण वाचवणारा उदात्त मनाचा मनुष्य शेवटी यहुदी निघतो. नाटक प्रसिद्ध झाल्यावर मिखाएलिस या नामवंत विद्वानाने आक्षेप घेतला की, इतका सज्जन यहुदी असणे संभवतच नाही. हे वाचून मोझेस यांना झालेली वेदना त्यांनी मित्राला लिहिलेल्या पत्रात व्यक्त केली. छळ आणि अपमान सोसणाऱ्या लोकांपाशी निदान सद्गुण तरी शिल्लक आहेत, हेदेखील नाकारले जावे, याचे त्यांना विलक्षण दुःख झाले. लेसिंग यांनी ते पत्र छापले. पुढच्याच वर्षी मोझेस यांचा पहिला तत्त्वज्ञानविषयक ग्रंथही त्यांना न कळवता लेसिंग यांनीच प्रसिद्ध केला. ही मैत्री सत्तावीस वर्षे, लेसिंग यांच्या मृत्यूपर्यंत टिकली. या काळात दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला आपल्या धर्मात ओढण्याचा प्रयत्न केला नाही.

१७६३ मध्ये बर्लिनच्या विज्ञान अकादमीने एक निबंधस्पर्धा घेतली. गणितासारखी निश्चितता तत्त्वज्ञानात येऊ शकते काय, असा विषय होता. पहिले पारितोषिक मेंडेल्सोन यांना मिळाले. दुसऱ्या क्रमांकावर होते इमॅन्युएल कांट. परंतु याच विद्वानाला बर्लिनमध्ये राहण्याचा हक्क मात्र नव्हता. प्रशियाचा राजा फ्रेडरिक दुसरा याने १७५० च्या फर्मानाने यहुद्यांच्या अनेक श्रेणी ठरवल्या होत्या. काहींना वंशपरंपरेने राहता येई, काहींना स्वतःपुरते, तर काही मालकाची नोकरी असेपर्यंतच राहू शकत. मेंडेल्सोन या शेवटच्या वर्गात मोडत. त्याच १७६३ साली, राजाच्या मर्जीतील एका फ्रेंच विद्वानाने रदबदली केल्यावर, त्यांना संरक्षित यहुदी म्हणून राहण्याचा परवाना मिळाला. तोही त्यांच्या एकट्याच्या हयातीपुरता. मुलांना तो लागू नव्हता. १७७१ मध्ये अकादमीने त्यांना सदस्य म्हणून निवडले, तेव्हा राजाने त्या निवडीला मान्यता दिली नाही. हा राजा धर्माच्या बाबतीत उदार म्हणून इतिहासात प्रसिद्ध आहे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. त्याच्या राज्यात यहुद्यांना सहन केले जात होते, आणि सहन केले जाणे म्हणजे काय, ते या परवान्यावरून समजते.

मेंडेल्सोन यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंग एका स्नेह्यामुळे ओढवला. झ्युरिकचे तरुण धर्मोपदेशक योहान कास्पर लाव्हाटर बर्लिनला आले असता त्यांना भेटले होते. खासगी संभाषणात मेंडेल्सोन यांनी येशूच्या नैतिक चारित्र्याविषयी आदर व्यक्त केला होता. १७६९ मध्ये लाव्हाटर यांनी ख्रिस्ती धर्माचे सत्य सिद्ध करू पाहणाऱ्या एका ग्रंथाचा जर्मन अनुवाद छापला आणि तो जाहीरपणे मेंडेल्सोन यांना अर्पण केला. त्यातील युक्तिवाद खोडून काढा, नाहीतर प्रामाणिक माणसाने जे करायला हवे ते करा, म्हणजेच ख्रिस्ती व्हा, असे ते आव्हान होते.

या आव्हानातील पेच वाचकांनी समजून घ्यावा. उत्तर न द्यावे तर पराभव पत्करल्यासारखे होते. सत्ताधाऱ्यांच्या धर्माचे जाहीर खंडन करावे, तर ज्यांच्या मेहेरबानीवर आपला समाज जगतो त्यांचाच रोष ओढवून घ्यावा लागणार. समान भूमीवर उभे नसलेल्या माणसाला वादाचे निमंत्रण देणे यात उदारता नसते. पण लाव्हाटर यांना ते उमगले नव्हते.

मेंडेल्सोन यांनी दिलेले उत्तर संयमी आहे, आणि त्यात यहुदी परंपरेतील सहिष्णुतेचा गाभा आला आहे. त्यांनी स्पष्ट केले की, आपला धर्म धर्मप्रसारक पाठवीत नाही. मोझेसचे नियम केवळ यहुदी लोकांवर बंधनकारक आहेत. इतर मानवजातीसाठी नोहाचे म्हणून ओळखले जाणारे सात मूलभूत नियम पुरेसे आहेत; हत्या, चोरी, व्यभिचार टाळणे आणि न्यायव्यवस्था उभारणे अशांसारख्या गोष्टींचा त्यांत समावेश होतो. जो या नियमांनुसार सदाचाराने वागतो, तो कोणत्याही राष्ट्राचा असो, पारलौकिक कल्याणाचा वाटेकरी होतो, असे रब्बींची शिकवण सांगते. म्हणून एखादा कन्फ्यूशियस किंवा सोलोन आपल्या काळात असता, तर त्याचे धर्मांतर करण्याचा विचारही मनात न आणता आपण त्याच्यावर प्रेम केले असते, असा त्यांचा आशय होता. अनेक ख्रिस्ती विद्वानांनाही लाव्हाटर यांचे वर्तन रुचले नाही आणि स्वतः लाव्हाटर यांनी क्षमा मागितली. पण या वादाने मेंडेल्सोन यांची प्रकृती खालावली. काही वर्षे त्यांना गंभीर लेखन-चिंतन जमेना.

या कथेचा उत्तरार्ध आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो. १७७५ मध्ये स्वित्झर्लंडमधील एंडिंगेन आणि लेंगनाऊ या गावांतील यहुद्यांवर नवे जाचक निर्बंध येऊ घातले. तेथील लोकांनी मेंडेल्सोन यांच्याकडे धाव घेतली. मेंडेल्सोन यांनी पत्र लिहिले ते लाव्हाटर यांनाच. आणि लाव्हाटर यांनीही आपले वजन खर्च करून ते संकट टाळण्यास मदत केली. ज्याने आपल्याला जाहीरपणे दुखावले त्याच्याकडे समाजासाठी हात पसरण्यात मेंडेल्सोन यांनी कमीपणा मानला नाही. आणि आव्हान देऊन जे साधले नाही ते लाव्हाटर यांना शेजारधर्म पाळून साधले. येशूच्या शिकवणीत परक्या पंथाच्या शोमरोनी प्रवाशाची कथा आहे. वाटेत जखमी होऊन पडलेल्या माणसाची शुश्रूषा तो शोमरोनी करतो आणि खरा शेजारी ठरतो. जुन्या करारातही परक्यावर जुलूम न करण्याची आज्ञा आहे, कारण इस्राएलचे लोक स्वतः इजिप्तमध्ये परके होते. दोन्ही धर्मांत अशी शिकवण असूनही तिचे अनुयायी तिला विसरले, हेही इतिहासात नमूद आहे. धर्मग्रंथातील वचन आपोआप आचरणात येत नाही. त्यासाठी माणसे लागतात.

लेसिंग हे असेच एक माणूस होते. सनातनी ख्रिस्ती धर्मगुरूंशी त्यांचा कडवा वाद झाला आणि १७७८ मध्ये त्यांच्या धर्मविषयक लेखनावर सरकारी निर्बंध आले. तेव्हा त्यांनी आपले म्हणणे नाटकातून मांडले. १७७९ मध्ये प्रसिद्ध झालेले 'नाथान' हे ते नाटक. धर्मयुद्धांच्या काळातील जेरुसलेममध्ये ते घडते. कोणता धर्म खरा, असे सुलतान सलादिन नाथान या यहुदी व्यापाऱ्याला विचारतो. नाथान उत्तरादाखल तीन अंगठ्यांची जुनी कथा सांगतो. तीन भावांपैकी प्रत्येकाला वडिलांनी अंगठी दिली. खरी कोणती हे कोणालाच ओळखता येईना. तेव्हा ज्याने त्याने आपल्या वागणुकीने आपली अंगठी खरी ठरवावी, असा निवाडा झाला. नाथानच्या व्यक्तिरेखेत मेंडेल्सोन यांची छाया आहे, हे सर्वमान्य आहे. पुढे नाझी राजवटीत हे नाटक जर्मन रंगभूमीवरून हद्दपार झाले.

रंगभूमीवर नाथानला मान मिळाला, तरी रस्त्यावर वेगळेच चित्र होते. १७८० मधील एका पत्रात मेंडेल्सोन यांनी आपली व्यथा सांगितली आहे. संध्याकाळी पत्नी फ्रोमेट आणि मुलांसह ते फिरायला निघत, तेव्हा टवाळ पोरे त्यांच्यावर दगड फेकीत. लोक आपल्या मागे का ओरडतात, आपण त्यांचे काय वाकडे केले, असे त्यांची मुले त्यांना विचारीत. त्यावर ते खाली मान घालीत आणि माणसे या थराला कशी गेली, असे मनाशी म्हणत. त्या वेळी ते युरोपातील अग्रगण्य तत्त्वज्ञांपैकी एक होते, आणि आपल्या लेकरांना देण्याजोगे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते.

आयुष्याच्या अखेरच्या दशकात त्यांचे सारे श्रम याच उत्तरासाठी खर्ची पडले. त्यांनी तोराचा जर्मन अनुवाद केला आणि तो हिब्रू लिपीत छापला, म्हणजे यहुदी मुलांना ओळखीच्या लिपीतून जर्मन भाषा शिकता यावी. काही सनातनी रब्बींनी या कामाला कडाडून विरोध केला. त्यांच्या विचारांनी प्रेरित झालेल्या तरुणांनी १७७८ मध्ये बर्लिनला यहुदी मुक्त शाळा स्थापन केली. गरीब मुलांना तेथे विनामूल्य शिक्षण मिळे. हिब्रूबरोबर जर्मन, फ्रेंच, अंकगणित व हिशेब शिकवले जात. काही ख्रिस्ती मुलेही त्या शाळेत शिकली.

१७८१ मध्ये मेंडेल्सोन यांच्याच सूचनेवरून डोम या ख्रिस्ती अधिकाऱ्याने यहुद्यांना नागरी हक्क द्यावेत असे प्रतिपादन करणारा ग्रंथ लिहिला. डोम यांनी रब्बींकडे बहिष्काराचा अधिकार असू द्यावा, असेही सुचवले होते. येथे मेंडेल्सोन यांनी आपल्या हितचिंतकालाच विरोध केला. १७८२ मध्ये त्यांनी निक्षून लिहिले की, कोणत्याही धर्मसंस्थेला विचारांबद्दल माणसाला वाळीत टाकण्याचा अधिकार नाही, आपल्याही नाही. १६५६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या यहुदी समाजाने तरुण स्पिनोझाला बहिष्कृत केले होते, हा इतिहास फार जुना नव्हता. इतरांकडून सहिष्णुता मागणाऱ्याने ती प्रथम स्वतःच्या घरात आणली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. आमच्या मते त्यांच्या थोरवीचे हे सर्वांत मोठे प्रमाण आहे.

१७८३ मध्ये त्यांचा 'जेरुसलेम' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील विचार थोडक्यात असा. राज्यसंस्था माणसाच्या कृतीला नियम लावू शकते. पण श्रद्धा आणि मत यांवर ना राज्याचा अधिकार आहे, ना धर्मसंस्थेचा. मत ही करार करून दुसऱ्याच्या हवाली करता येणारी वस्तूच नाही. म्हणून नोकरी, मालमत्ता वा नागरिकत्व श्रद्धेवर अवलंबून ठेवणे अन्यायाचे आहे. धर्माने शिकवावे, समजवावे, सांत्वन करावे. शिक्षा करू नये. सर्व धर्म एक करून टाकावेत, ही त्या काळी गोड वाटणारी कल्पनाही त्यांनी नाकारली. कारण तसे ऐक्य अखेरीस दुर्बळांच्या श्रद्धेवर पाय ठेवूनच साधले जाते, हे त्यांनी ओळखले होते. आपला धर्म सोडला तरच हक्क मिळतील, अशी अट असेल तर ते हक्क घेण्यासही त्यांची तयारी नव्हती. कांट यांनी पत्र लिहून या ग्रंथाचे मनःपूर्वक स्वागत केले.

येथे आमच्या वाचकांच्या मनात एक शंका येईल. १४ ऑक्टोबर १९५६ हा दिवस ज्यांच्या घरी वंदनीय आहे, त्यांनी स्वधर्म न सोडणाऱ्या या माणसाचा गौरव का करावा? आम्हीही या प्रश्नावर बराच विचार केला. मेंडेल्सोन यांना आपला धर्म सोडा असे सांगणारे बलवान होते आणि बदल्यात लाभ देऊ करीत होते; त्यांनी नकार दिला. ज्यांना स्वतःच्याच धर्मात माणुसकी नाकारली गेली, त्यांनी विचारपूर्वक तो धर्म त्यागला. एकाने राहणे निवडले, दुसऱ्यांनी बाहेर पडणे. निर्णय भिन्न असले तरी ते घेण्याचा अधिकार प्रत्येकाच्या सदसद्विवेकाचा आहे, हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे. राहण्याची मुभा देऊन जाण्याचा मार्ग अडवणारी, किंवा जाण्यास उत्तेजन देऊन राहणाऱ्याचे हक्क कापणारी सहिष्णुता अपुरीच होय.

४ जानेवारी १७८६ रोजी, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी मेंडेल्सोन यांचे बर्लिनमध्ये निधन झाले. पुढच्या वर्षी नव्या राजाने त्यांच्या पत्नीला व मुलांना राहण्याचा परवाना दिला. १७९१ मध्ये क्रांतिकारक फ्रान्सने यहुद्यांना समान नागरिकत्व दिले. प्रशियात १८१२ मध्ये, काही मर्यादा ठेवून का होईना, ते मिळाले. मेंडेल्सोन यांच्या सहा अपत्यांपैकी चौघांनी कालांतराने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचे नातू, विख्यात संगीतकार फेलिक्स मेंडेल्सोन, यांचा बाप्तिस्मा बालपणीच झाला होता. काहींनी तो श्रद्धेने स्वीकारला असेल. परंतु त्या काळी समाजात मानाने वावरण्याची वाट चर्चच्या दारातून जात होती, हेही विसरता येणार नाही. नाझी राजवटीने मात्र बाप्तिस्म्याचीही पर्वा केली नाही. फेलिक्स यांच्या संगीतावरही तिने बंदी घातली.

मेंडेल्सोन यांचे दफन बर्लिनमधील ग्रोस हांबुर्गर रस्त्यावरील यहुदी दफनभूमीत झाले होते. शेजारच्या वृद्धाश्रमाच्या इमारतीत नाझींनी यहुद्यांना गोळा करण्याचे केंद्र उघडले आणि तेथून हजारोंना मृत्यूच्या छावण्यांकडे पाठवले. १९४३ मध्ये ती दफनभूमी गेस्टापोने उद्ध्वस्त केली. आज तेथे मेंडेल्सोन यांच्या नावाचा एक स्मारकशिला-स्तंभ उभा आहे. त्याच रस्त्यावर मुक्त शाळेची परंपरा सांगणारी जुनी यहुदी शाळा होती. ती नाझींनी १९४२ मध्ये बंद केली. १९९३ मध्ये तेथे पुन्हा शाळा सुरू झाली. आता ती मोझेस मेंडेल्सोन यांचे नाव धारण करते आणि यहुद्यांबरोबर इतर मुलांनाही प्रवेश देते.

घरापासून दूर, शिक्षणासाठी वसतिगृहात राहिलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना चौदा वर्षांचा मोझेस परका वाटणार नाही. पालकांना आमची एवढीच विनंती आहे की, ही कथा त्यांनी आपल्या मुलांना सांगावी. शेजारच्या बाकावरचा मुलगा कोणत्या धर्माचा आहे याची चौकशी न करता त्याच्याशी मैत्री करावी, हे सांगावे. आणि कोणी आपल्याला उपकार म्हणून सामावून घेऊ लागला, तर समान हक्काची मागणी नम्रपणे पण ताठ मानेने करावी, हेही सांगावे.